न्यूरेंबर्गहून प्राग: गाडी झ्लिचिनपर्यंतच न्या

न्यूरेंबर्ग ते प्राग साधारण 300 किलोमीटर. ए6 धरायचा, वाइडहाउसला सीमा ओलांडली की तोच रस्ता डी5 होतो आणि प्लझेनवरून थेट प्रागच्या पश्चिम टोकाला, झ्लिचिनपाशी पोचतो. वाटेत फार न थांबता तीन-साडेतीन तास लागतात. रस्ता सोपा आहे. घोळ होतात ते कागदपत्रांत आणि शहरात शिरल्यावर.

जर्मनीत मोटारींना टोल नाही, त्यामुळे चेक हद्दीतला टोल बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. तिथे मोटरवेसाठी व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-परवाना लागतो. 2021 पासून काचेवरचा स्टिकर बंद झाला आणि सगळं ऑनलाइन आलं. सरकारी साइटवर गाडीचा नंबर, देश आणि सुरुवातीची तारीख भरायची. कॅमेरा थेट नंबरप्लेट वाचतो, म्हणून इंग्रजी ओ अक्षराच्या जागी शून्य पडलं तर पैसे भरूनही तुम्ही विनाव्हिन्येटच ठरता. नंबर आरसी बघूनच भरा. शनिवारी जाऊन रविवारी परतणार असाल तर एक दिवसाचं पुरत नाही, दहा दिवसांचं घ्या. गाडी भाड्याची असेल तर ती चेकमध्ये नेणार हे बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर विम्याचा प्रश्न येतो.

सीमेनंतर हेडलाइट दिवसाही चालू हवेत, अगदी मे महिन्यातल्या लख्ख उन्हातसुद्धा. मोटरवेवर कमाल वेग 130, गावाबाहेर 90, गावात 50. दारूची मर्यादा शून्य, म्हणजे चालवणाऱ्याने जेवणासोबत एक बिअरही घ्यायची नाही. पंपावर ‘नाफ्ता’ असं लिहिलेलं दिसेल, ते डिझेल आहे. पेट्रोलला तिथे ‘नॅचरल 95’ म्हणतात. शंका आली तर नळीवरचं चिन्ह बघा: वर्तुळात ई म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी म्हणजे डिझेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी जुन्या शहरात नेऊ नका. मध्यभागातल्या निळ्या पट्ट्याच्या रस्त्यांवरचं पार्किंग तिथल्या रहिवाशांसाठी आहे आणि कॅमेरे लावलेल्या गाड्या फिरून नंबर तपासतात. त्यात ट्राम. वळण्याचा सिग्नल देऊन ट्राम तुमच्या बाजूने आडवी येत असेल तर आधी तिला जाऊ द्यायचं. थांब्याला मधे फलाट नसेल आणि ट्रामचे दरवाजे उघडे असतील तर मागेच थांबायचं, कारण माणसं थेट रस्त्यावर उतरतात. पायी फिरतानाही झेब्रा क्रॉसिंगवर ट्राम तुमच्यासाठी थांबेल असं धरून चालू नका, कायद्याने तिला ते बंधन नाही.

त्यापेक्षा डी5 संपतो तिथेच झ्लिचिनच्या पार्क अँड राइडमध्ये (गाडी ठेवून पुढे मेट्रोने जाण्यासाठीचा वाहनतळ) गाडी लावा. मेट्रोच्या बी म्हणजे पिवळ्या लाइनचं ते शेवटचं स्टेशन आहे. ही सोय दिवसभरासाठी आहे. मुक्काम असेल तर स्वतःचं गॅरेज असलेलं हॉटेल घ्या आणि ‘हॉटेलसमोर पार्किंग’ म्हणजे गॅरेज की रस्ता, हे आधीच विचारून ठेवा.

कागदी तिकीट घेतलंत तर सरकत्या जिन्याआधीच्या पिवळ्या पेटीत ते खुपसा. खट् आवाज होऊन तारीख-वेळ उमटते. तो शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

बहुतेक लोक शहराच्या मध्यावरच्या मूस्तेक स्टेशनला उतरून किल्ल्याचा चढ चढत बसतात. तुम्ही एक स्टेशन आधी, नारोद्नी त्रिदाला उतरा, 22 नंबरची ट्राम पकडा आणि ‘प्राझ्स्की ह्राद’ (प्रागचा किल्ला) थांब्यावर उतरा. किल्ला आधी बघून होतो आणि पुढची सगळी वाट उताराची: नेरुदोवा गल्ली, माला स्त्राना, मग 1357 साली पायाभरणी झालेला, 516 मीटर लांबीचा चार्ल्स पूल. पुलावरून सरळ जुन्या चौकात या. तिथलं खगोलीय घड्याळ 1410 चं आहे. सकाळी 9 ते रात्री 11, दर तासाच्या ठोक्याला वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, पाच मिनिटं आधी उभे राहा. मूस्तेक तिथून चालत काही मिनिटांवर, आणि तीच पिवळी लाइन थेट तुमच्या गाडीपाशी नेते.