पाचव्या कंपनीचा गोंडा

चूक माझीच. बर्लिनच्या एका जुन्या बाजारात संगीन हातात घेतली. पात्याच्या पाठीवर मुकुट, खाली डब्ल्यू हे अक्षर आणि १५. म्हणजे कैसर विल्हेल्म दुसरा, साल १९१५. म्यान ज्यात अडकवतात त्या चामडी पट्ट्याला गोंडा बांधलेला. विक्रेता म्हणाला, "सगळं एकाच शिपायाचं." मी मान डोलावली आणि पैसे मोजून मोकळा झालो.

घरी दिव्याखाली धरला तर गोंड्याची पट्टी करडी. कैसरच्या पायदळातल्या साध्या शिपायाची पट्टी आणि झालर सहसा पांढरी असायची. करडी ही त्यानंतरच्या, वेरमाख्टच्या म्हणजे हिटलरच्या काळातल्या जर्मन सैन्याची खूण. संगिनीवरचं साल संगिनीचं असतं, गोंड्याचं नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण बाजारात उभं असताना ठाऊक असलेलं सगळं कुठे आठवतं!

या गोंड्याला जर्मनमध्ये ट्रॉडेल म्हणतात. वर पट्टी, पट्टीवर सरकणारी गुंडी, तिच्याखाली देठ, मग कडं आणि शेवटी झालर. देठाला त्यांचा शब्द श्टेंगेल, म्हणजे खरोखर देठच. आणि कड्याला क्रान्त्स, म्हणजे हार. हे नाव मला भलतंच आवडतं. रंगांचा क्रम पांढरा, लाल, पिवळा, निळा. देठाचा रंग बटालियन सांगतो, गुंडीचा आणि कड्याचा कंपनी. कंपनी म्हणजे शिपायांची तुकडी; एका बटालियनमध्ये अशा चार कंपन्या, आणि काही बटालियन मिळून रेजिमेंट. माझ्या गोंड्याचा देठ लाल, गुंडी आणि कडं पांढरं: दुसरी बटालियन, तिची पहिली कंपनी, म्हणजे रेजिमेंटची पाचवी. देठ पिवळा आणि बाकी निळं असतं तर बारावी. अधिकाऱ्यांचं आणि वरच्या हुद्द्याच्या सार्जंटांचं प्रकरण वेगळं. त्यांच्या गोंड्याला पोर्टेपे म्हणतात. जर्मन सैन्यात आजही सार्जंट वर्गातल्यांचे 'पोर्टेपेवाले' आणि 'बिनपोर्टेपेवाले' असे दोन वर्ग मोजतात.

रंगांवरून माणूस कुठल्या कंपनीतला ते कळतं. गोंडा अस्सल की नंतर बनवलेला, हे विचारायचं ते धाग्याला. खोली अंधारी करून यूव्ही टॉर्च मारला आणि काळजात धस्स झालं: गुंडीखाली एक निळसर रेघ झगझगत होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुष्कळ धाग्यांत उजळपणा आणणारी द्रव्यं असतात, ती अशी चमकतात. भिंग लावून पाहिलं तर चमकत होते फक्त चार टाके. पट्टीची उसवलेली टोकं नंतर कुणीतरी शिवली होती. बाकी गोंडा टॉर्चखाली काळाठिक्कर. अर्थात आधुनिक डिटर्जंटमध्ये धुतलेला अस्सल गोंडाही चमकतो, आणि न चमकणारी नक्कलही बनवता येते. टॉर्चवर मी अर्धाच विश्वास ठेवतो.

म्हणून झालरीच्या आतून एक धागा चिमट्याने काढून जाळला. नायलॉन असता तर वितळून गोळी झाली असती, लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता. हा कागदासारखा जळाला आणि मऊ राख उरली: सुती किंवा कृत्रिम रेशीम. दोन्ही त्या काळाशी जुळतं.

शेवटी गोंडा सोडला. ते दोन आठवडे टाळत होतो, कारण एकदा सोडला की पुन्हा तसाच बांधता येत नाही. घडीच्या आत पट्टी गडद राखाडी होती, बाहेर फिकट. इतका फरक पडायला वर्षं लागतात, म्हणजे तो कुठल्यातरी चामडी पट्ट्यावर बराच काळ बांधलेला होता. घड्यांमधलं अंतर मोजलं आणि संगिनीसोबत आलेला चामडी पट्टा शेजारी ठेवला. पट्टा बोटभर जास्त रुंद निघाला.

आता संगीन एका खणात आहे आणि गोंडा दुसऱ्या.