भत्ता बंद केला की नोकरी मिळते?

बेकारी भत्ता वाढवला की बेकारीचा काळ थोडा लांबतो, हे खरं आहे. पण त्याचं खापर थेट आळसावर फोडणं चूक आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून मांडलं की या परिणामाचा सुमारे ६० टक्के भाग हाती पैसा असण्या-नसण्याशी जोडलेला आहे. शिल्लक संपलेला माणूस मिळेल ते काम पत्करतो. भत्ता मिळाला की त्याला बेताचं का होईना, निवडीचं स्वातंत्र्य येतं.

धाक दाखवल्यावर काय होतं, ते स्वित्झर्लंडमध्ये दिसलं. भत्ता कापण्याच्या नुसत्या इशाऱ्यानेही लोक बेकारीतून लवकर बाहेर पडले, पण पुढच्या नोकरीत त्यांची कमाई कमी राहिली. म्हणून किती नावं यादीतून गेली एवढंच मोजणारं रोजगार कार्यालय स्वतःची फसवणूक करतं. सहा महिन्यांनी तो माणूस कामावर आहे का, आणि कोणत्या पगारावर, हेही नोंदवायला हवं.

सगळ्यात जास्त नुकसान कपातीच्या गणितात होतं. समजा, भत्ता महिन्याला १,००० आहे आणि अर्धवेळ कामाचे ६०० मिळाले. कमाईच्या दर १०० मागे भत्त्यातून ८० कापले, तर हाती येतात १,१२०. म्हणजे महिनाभर राबून फक्त १२० जास्त, आणि त्यातूनच जाण्यायेण्याचा खर्च! पहिल्या २०० वर कपात नाही आणि पुढे निम्मी, असा नियम केला तर तेच १,४०० होतात. शिवाय काम सुटल्यावर नवा अर्ज, नवी पडताळणी आणि मधले आठवडे रिकाम्या हाताने काढणं. या भीतीपोटी लोक तात्पुरतं काम नाकारतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचंच असतं. जुना अर्ज तसाच पुन्हा चालू करता आला, तर ही भीती बरीच कमी होईल.

रोजगार कार्यालयातल्या समुपदेशकाच्या वाट्याला किती माणसं येतात, यावरही बरंच अवलंबून असतं. जर्मनीत २००७ पासून १४ कार्यालयांत जास्त कर्मचारी नेमून हा भार कमी केला, तेव्हा बेकारीचा काळ घटला. पाच मिनिटांच्या भेटीत फक्त सही होते. अर्ज कुठे अडतोय ते समजत नाही.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी तपासत नाही. फ्रान्समध्ये २३५ भागांत सुशिक्षित बेकार तरुणांना नोकरी शोधायला मदत देण्याचा प्रयोग झाला. मदत मिळालेल्यांना नोकऱ्या लवकर मिळाल्या, पण काही प्रमाणात मदत न मिळालेल्यांच्या वाट्याच्या. नोकऱ्या मुळातच कमी असतील तिथे हे अधिक घडतं. म्हणून मंदीत समुपदेशनावरच सगळी भिस्त ठेवून भत्त्याची मुदत आखडणं मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.