दियोपचा अडलेला प्रबंध

सेनेगलचा इतिहासकार चेख अंता दियोप याच्याबद्दल वाचताना मी पॅरिसमध्येच अडकते. प्राचीन इजिप्तची संस्कृती कृष्णवर्णीय आफ्रिकनांची, हा त्याचा दावा. त्यावरच्या प्रबंधाला तिथल्या विद्यापीठात परीक्षकच मिळेनात. अखेर १९५४ मध्ये तो पुस्तक म्हणून आला, 'प्रेझांस आफ्रिकेन'कडून. सेनेगलच्याच अल्यून दियोपने १९४७ मध्ये सुरू केलेलं हे नियतकालिक मला तर विद्यापीठच वाटतं! डॉक्टरेट मिळायला १९६० उजाडलं. त्याचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, प्राचीन इजिप्तच्या आणि आफ्रिकी भाषांमधल्या साम्याचे तर फारच ताणलेले. पण म्हणून प्रश्नच मांडू द्यायचा नाही?

असे प्रश्न विद्यापीठात यायलाही किती उशीर! युरोपातला पहिला ब्लॅक स्टडीज (कृष्णवर्णीयांचा इतिहास, समाज, विचार) पदवी अभ्यासक्रम बर्मिंगहॅममध्ये २०१७ साली निघाला. आणि गंमत बघा, आजच्या घानात जन्मलेला आंतोन विल्हेल्म आमो १७३० च्या दशकातच जर्मनीत, हाले आणि येनाला, तत्त्वज्ञान शिकवत होता.