पडद्याबाहेर उघडलेला पॉप-अप

तासभराच्या नोंदी अजून सेव्ह करायच्या होत्या. प्रिंट म्हटलं आणि प्रोग्रॅम गप्प. कुठेही क्लिक करा, नुसतं 'टण्ण' वाजायचं. मदतीसाठी फोन केला तर उत्तर आलं, "हँग झालाय मॅडम, बंद करून परत उघडा." त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही, कारण प्रोग्रॅम हँग झालाच नव्हता. 'टण्ण' वाजतंय म्हणजे कुठेतरी पॉप-अप उघडलाय आणि तो उत्तराची वाट बघतोय.

एस्केप दाबलं. ते बहुतेक ठिकाणी 'कॅन्सल'चं काम करतं. प्रोग्रॅम लगेच हलला, आधी कंट्रोल-एस करून नोंदी वाचवल्या. पण प्रिंट तर हवंच होतं, आणि परत प्रिंट म्हटलं की परत तेच.

मग आठवलं, सकाळीच दुसरा मॉनिटर काढून ठेवला होता. प्रिंटची विंडो आधी त्याच्यावर उघडायची. प्रोग्रॅमने ती जागा लक्षात ठेवली होती आणि विंडो तिथेच उघडत होती, आता पडदाच नाही अशा जागी. माउस तिथे पोचतच नाही. एंटर दाबून मोकळं होता आलं असतं, पण कुठला प्रिंटर निवडलाय, किती प्रती, काहीच दिसत नसताना मला ते पटेना. विंडोज-शिफ्ट-बाण दाबून विंडो दुसऱ्या मॉनिटरवर जाते खरी, पण मॉनिटर एकच उरल्यावर ती जाणार कुठे?

उपाय निघाला ऑल्ट-स्पेसमध्ये. त्याने विंडोचा छोटा मेनू उघडतो. त्यात एम, म्हणजे 'मूव्ह'. मी उजवा बाण दाबून धरला, काही येईना. मॉनिटर उजवीकडेच असायचा, म्हणजे विंडो मी आणखी लांब ढकलत होते! खरं तर बाण एकदाच दाबायचा. मग विंडो माउसला चिकटते, माउस हलवला की पडद्यावर येते. क्लिक केलं की तिथेच बसते. ती कडेने आत सरकताना दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच.

त्या दिवसापासून पॉप-अपमध्ये माउसला हात लावत नाही. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे. चेकबॉक्सवर स्पेस दाबा, एंटर नको. एंटरने खूण होत नाही, बहुतेकदा थेट 'ओके' होतं आणि विंडो बंद. बटणावरच्या अक्षराखाली रेघ असेल तर ऑल्ट आणि ते अक्षर. नुसतं 'येस' आणि 'नो' असलेल्या चौकटीत एस्केप चालत नाही, तिथे वाय किंवा एन.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: विंडोजच्या साध्या संदेशाच्या चौकटीत कंट्रोल-सी दाबलं की सगळा मजकूर कॉपी होतो. हल्ली मदतीला फोन करण्याआधी मी तो जसाच्या तसा पाठवून देते.