साखळी आणि ते 19 सेकंद

आमची दहावीची तुकडी 1997 ची. शाळेच्या कबड्डी संघात मी तीन वर्षं उजव्या साखळीत उभा राहिलो. चढाई माझ्या वाट्याला क्वचितच आली. पहाटे साडेपाचला तांबड्या मातीवर पाणी मारायचं, शेजारच्याचा हात घट्ट धरायचा आणि आपल्या क्रीडाशिक्षक सरांची शिट्टी होईपर्यंत सोडायचा नाही, एवढंच माझं काम. चढाईपटूचं नाव गावभर व्हायचं, पण सर संघ निवडताना पहिल्यांदा साखळी निवडत आणि मग बाकीचे. त्याचं मोल मला कळलं ते आठ वर्षांनी, घरापासून हजारो मैलांवर.

2004 मध्ये मी एम.एस.साठी ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात गेलो. तिथे अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात शनिवार आला की सगळं शहर भाजक्या विटेसारख्या नारिंगी रंगात न्हायचं. विद्यापीठाच्या स्वतःच्या मैदानात 80 हजारांहून जास्त माणसं बसायची. मैदानाच्या कडेला विद्यापीठाचं मानचिन्ह असलेला, बेव्हो नावाचा लांब शिंगांचा खराखुरा बैल उभा असायचा. पहिल्यांदा त्याला पाहिलं तेव्हा आपल्याकडच्या खिल्लारांची आठवण येऊन गळा दाटून आला.

अमेरिकन फुटबॉल मला आमच्या लॅबमधल्या एका मित्राने शिकवला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. मला मात्र चेंडू दिसायचाच नाही. माझे डोळे जायचे ते पुढे वाकून उभ्या राहणाऱ्या पाच जणांकडे. एकेक जण सव्वाशे किलोंच्या पुढचा. चेंडू घेऊन पळणं त्यांच्या वाट्याला येत नाही, पास झेलण्याची तर सहसा त्यांना परवानगीही नसते. आपल्या गड्यापर्यंत कुणाला पोचू द्यायचं नाही, एवढ्यासाठी ते प्रत्येक डावात अंगावर घाव घेतात. मी मित्राला म्हणालो, ही आमची साखळी आहे.

2005 च्या हंगामातला दुसराच सामना होता कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या घरात. लाखभर विरोधी प्रेक्षकांसमोर शेवटच्या तीन मिनिटांत आघाडी घेऊन टेक्सासने सामना 25-22 असा जिंकला. मग ऑक्टोबरमध्ये डॅलसच्या जत्रेतला ओक्लाहोमाविरुद्धचा सामना. हो, खरोखरच्या जत्रेत! बाहेर पाळणे आणि खाऊची दुकानं, आत अर्धं मैदान नारिंगी, अर्धं लाल. आपल्या यात्रेतल्या कुस्तीच्या फडाची आठवण येणारच. ओक्लाहोमाकडून सलग पाच वर्षं हार खाल्ली होती. त्या वर्षी 45-12 ने ती फेडली. ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध तर 9-28 असे मागे पडून 47-28 ने जिंकले. पुढे विभागीय अंतिम सामन्यात कोलोरॅडोला 70-3 ने हरवलं, तो सामना एकतर्फीच होता.

संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन प्रत्येक चाल खेळवणारा गडी, होता व्हिन्स यंग, ह्यूस्टनचा कृष्णवर्णीय मुलगा. याच विद्यापीठाच्या 1969 च्या अजिंक्य संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. हे कळलं त्या रात्री मला आपल्या मैदानावरची कळशी आठवली. सरावानंतर सगळ्या आळ्यांतली पोरं त्या एकाच कळशीतून पाणी प्यायची. पहिल्यांदा ते काहींच्या घरी रुचलं नव्हतं, तरी सरांनी दुसरी कळशी ठेवली नाही. त्यासाठी मी सरांचा जन्माचा ऋणी आहे.

4 जानेवारी 2006. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाचा रोझ बोल, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना. समोर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूएससी, सलग 34 सामने जिंकून आलेला संघ. आम्ही पाच-सहा जण सुट्टीत ऑस्टिनलाच राहिलो होतो, फ्लॅटवर टीव्हीसमोर बसलो. सात मिनिटांहून कमी वेळ उरला तेव्हा आम्ही 26-38 असे मागे. यंगने एक टचडाउन केला, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेला, 33-38. मग यूएससीला चौथ्या प्रयत्नात फक्त दोन यार्ड हवे होते. दोन यार्ड म्हणजे दोन पावलं. चेंडू त्यांच्या सगळ्यात दणकट गड्याकडे दिला आणि टेक्सासच्या बचावफळीने त्याला जागीच अडवलं. साखळी पकड! मी मराठीत ओरडलो, आणि कुणीही अर्थ विचारला नाही.

उरली दोन मिनिटं आणि 56 यार्ड. सरकत सरकत टेक्सासचे गडी त्या रेषेपासून आठ-नऊ यार्डांवर आले. पुन्हा चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवे होते. यंगने पासाची जागा शोधली, मिळाली नाही, तसा तो उजवीकडे वळला. पुढच्या गड्यांनी समोरच्यांना आत दाबून धरलेलं, कडेची वाट मोकळी. तो कोपऱ्यातून आत शिरला तेव्हा घड्याळात 19 सेकंद होते. सामना 41-38, हंगाम 13-0, आणि तब्बल 35 वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद.

आम्ही पळतच विद्यापीठाकडे निघालो. मनोरा नखशिखान्त नारिंगी उजळला होता आणि त्याच्या खिडक्यांतल्या दिव्यांनी 1 चा आकडा काढला होता. अनोळखी माणसं मिठ्या मारत होती.

त्याच गर्दीच्या कडेला उभं राहून मी कॉलिंग कार्डावरून शाळेच्या ऑफिसला फोन लावला. तिकडे सकाळचे अकरा वाजत आले होते. शिपाईमामांनी सरांना मैदानावरून बोलावून आणलं. मी सगळं एका दमात सांगितलं. यंग, उजवी बाजू, 19 सेकंद.

सर म्हणाले, "19 सेकंद म्हणजे अर्ध्याहून जास्त चढाई उरली की रे. तेवढ्यात कुणी हात सोडला नाही ना?"

"नाही सर. यूएससीने शेवटचा पास टाकला, कुणाच्याच हाती लागला नाही."

"मग झालं," सर म्हणाले. पण फोन ठेवला नाही. मागे मैदानावर आठवीच्या पोरांचा दम चालू होता, तो आम्ही दोघं थोडा वेळ ऐकत राहिलो.