कार्बोनिक ॲनहायड्रेज-२: पिवळा रंग नक्की कशामुळे आला?

कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणारं मानवी कार्बोनिक ॲनहायड्रेज-२ हे प्रयोगशाळेत वापरायला सोशिक एन्झाइम आहे. साखळी एकच, वजन सुमारे २९ किलोडाल्टन, डायसल्फाइड बंध नाही, ग्लायकोसिलेशन (साखरेची जोड) लागत नाही, ई. कोलाय या जिवाणूत ते छान तयार होतं. अट एकच, जस्ताची. तीन हिस्टिडिनांनी धरलेला जस्ताचा आयन नसला, तर जेलवर स्वच्छ पट्टा दिसतो आणि प्रथिन काम मात्र करत नाही. म्हणून इंडक्शनच्या वेळी (जिवाणूंना प्रथिन बनवायला लावताना) माध्यमात ०.५ मिलिमोलर झिंक सल्फेट घालतात आणि साठवणीच्या बफरमध्ये धातूचे आयन पकडणारं ईडीटीए टाळतात.

पावडरची वायल उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा, कारण पावडर झाकणाला चिकटलेली असू शकते. १०० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर बफर घातला की सुमारे ३४ मायक्रोमोलर द्रावण मिळतं. व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळू नका, फेस झाला की प्रथिन उलगडतं. १५ मिनिटं ठेवून १०-१० मायक्रोलिटरचे भाग करा आणि उणे ८० अंशांवर ठेवा.

आता मोजणी. ४-नायट्रोफेनिल ॲसिटेट (एन्झाइमला तोडायला दिलेला एस्टर, म्हणजेच सबस्ट्रेट) तुटलं की पिवळं नायट्रोफेनॉल सुटतं, ते ४०० नॅनोमीटरला वाचायचं. बफर: १२.५ मिलिमोलर ट्रिस, ७५ मिलिमोलर मीठ, पीएच ७.५. सबस्ट्रेटचा ॲसिटोनमध्ये १०० मिलिमोलर साठा करा, वापरायच्या अगदी आधी बफरमध्ये २ मिलिमोलरपर्यंत पातळ करा. प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर एन्झाइम (मिलिलिटरला ६ मायक्रोग्रॅम), त्यावर १०० मायक्रोलिटर सबस्ट्रेट, आणि पाच मिनिटं सलग वाचन.

खरी गोम इथे आहे: हा एस्टर फार हळवा आहे. नुसत्या पाण्यातही तुटतो, पीएच वाढला की आणखी वेगाने. प्रथिन शुद्ध करण्याच्या निकेल कॉलमवरून आलेलं इमिडॅझोल त्याला एन्झाइमशिवाय तोडतं. डीटीटीसारखे थायॉल त्याच्यावर तुटून पडतात. आणि पातळ प्रथिन नळीला चिकटू नये म्हणून आपण सवयीने जे बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालतो, त्या अल्ब्युमिनलाच एस्टरेजसारखी, म्हणजे एस्टर तोडणारी, क्रिया आहे! तेव्हा इथे बीएसए नको, कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा. इमिडॅझोल डायलिसिसने (पातळ पडद्यातून बफर बदलून) पूर्ण काढा. आणि एन्झाइम नसलेल्या रिकाम्या विहिरीत (प्लेटमधल्या खळग्यात) नुसता बफर नाही, तर शेवटच्या डायलिसिसचाच बफर घाला.

तरीही खात्री एकाच गोष्टीने पटते: या एन्झाइमला रोखणारं ॲसिटाझोलामाइड. १० मायक्रोमोलर घालून १५ मिनिटं थांबा, मग सबस्ट्रेट द्या. जेवढा वेग यानंतर उरतो, तेवढा या एन्झाइमचा नाही. आमच्या मते ही विहीर नसलेला आकडा वहीत लिहूच नये.

रंगाचं मोलमध्ये रूपांतर करताना पुस्तकातला प्रकाशशोषणाचा गुणांक सरळ लावू नका. नायट्रोफेनॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून पिवळे होतात) ७.१ च्या आसपास असल्याने पीएच ७.५ ला सुमारे ७० टक्केच रेणू पिवळे असतात, आणि २०० मायक्रोलिटरला प्रकाशमार्गही १ सेंटिमीटर भरत नाही. त्याच बफरमध्ये, त्याच प्लेटवर नायट्रोफेनॉलच्या माहीत मात्रांचा प्रमाण आलेख काढा.

इन्हिबिटर (एन्झाइमला रोखणारं संयुग) तपासताना आणखी एक मर्यादा येते. विहिरीत एन्झाइम १०० नॅनोमोलर असेल, तर आयसी-५० (वेग निम्मा करणारी मात्रा) साधारण ५० नॅनोमोलरच्या खाली उतरूच शकत नाही, संयुग कितीही जोरकस असो. हीच अडचण एका कामी येते: ॲसिटाझोलामाइड थोडंथोडं वाढवत गेलं, की एन्झाइमच्या उतरत्या वेगाची सुरुवातीची सरळ रेषा पुढे वाढवल्यावर जिथे शून्याला टेकते ती मात्रा साधारण जिवंत, जस्त धरलेल्या एन्झाइमइतकी असते. लेबलवरच्या मिलिग्रॅमपेक्षा हा आकडा धरून चाला.