विंगेतले अण्णा

आमच्या अण्णांनी उभ्या आयुष्यात तोंडाला रंग लावला नाही. तरी गल्लीतल्या मंडळाचं गणपतीतलं एकही नाटक त्यांच्यावाचून उभं राहिलं नाही. अण्णा प्रॉम्प्टर होते. उजव्या विंगेत साबणाच्या खोक्यावर बसायचे, मांडीवर वही, हातात बॅटरी. बॅटरीच्या काचेवर तांबडा जिलेटिनचा कागद, म्हणजे उजेड प्रेक्षकांपर्यंत जायला नको.

सांगलीत हे वेड नवीन नाही. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी इथंच ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, आणि गोविंद बल्लाळ देवल तर पलीकडच्या हरिपूरचे. तेव्हा आपल्याला नाटकातलं कळत नाही असं सांगलीकरानं कबूल करणं म्हणजे कृष्णाकाठच्यानं पोहता येत नाही म्हणण्यासारखं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून भावे नाट्यमंदिरात जायचे. गौरवपदक कुणाला मिळालं यापेक्षा सत्काराच्या भाषणात कोण कुठं अडखळला, हे घरी येऊन आधी सांगायचे.

पोटासाठी ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. उन्हाळा संपेपर्यंत सौदे, पट्ट्या, खतावणी यातून मान वर काढायला सवड नसे. पावसाळ्यात हंगाम उतरायचा आणि आषाढापासून आमच्या माडीवर तालमी सुरू व्हायच्या. आई कुरकुरायची, पण भडंगाचं घमेलं तीच भरून ठेवायची. वर्गणीतून चहासाठी म्हणून जे पैसे निघत, ते पडद्याच्या भाड्यातच जात.

नट सगळे गल्लीतलेच. सावकार म्हणजे कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले काका. इन्स्पेक्टर म्हणजे केशकर्तनालयवाले, कारण खाकी पॅंट त्यांच्याकडेच होती. आणि घरची सून म्हणजे आमचे शिंपीमामा. सात-आठ वर्षं तेच सून होते. एका वर्षी दुकानातून तडक आले, लुगडं नेसले आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून सासऱ्याच्या पाया पडले. खरं सांगायचं तर नाटकं सुमारच असायची. पहिला अंक संपेस्तोवर निम्मी पोरं मांडवातच झोपलेली असायची. पण आताच्या स्पीकरच्या भिंतींपुढं ती मला सोन्यासारखी वाटतात, आणि यात माझं वय बोलतंय असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

अण्णांची एक पद्धत होती. नट अडकला की ते अख्खं वाक्य कधी देत नसत, पहिला शब्द तेवढा द्यायचे. “सगळं सांगितलं की पोपट होतो लेकाचा, एक शब्द दिला की उरलेलं त्याचं तो आणतो,” असं म्हणायचे. विंगेबाहेरही हेच. शिंपीमामांना दुकानासाठी कर्ज हवं होतं तेव्हा अण्णा त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन नुसते शेजारी बसले. मामा साहेबांसमोर गप्प झाले की अण्णा हळूच म्हणायचे, “मशीन...” की मामांची गाडी पुढं. हे मामांनीच मला सांगितलं, अण्णांनी कधी नाही.

मी सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये जिजाबाई झाले होते. ऐन भाषणात माझी दातखीळ बसली. अण्णा दुसऱ्या रांगेत होते. माझं भाषण त्यांना पाठ होतं हे मला पक्कं ठाऊक, म्हणून मी सारखी त्यांच्याकडे बघतेय, आणि ते ओठ घट्ट मिटून छताकडे बघतायत. घरी येताना मी रडून गोंधळ घातला. “तिथं तुमच्या बाई होत्या की विंगेत. दुसऱ्याच्या विंगेत आपण तोंड घालायचं नसतं, बाळ.” एवढंच बोलले आणि राजवाडा चौकात उसाचा रस पाजला.

पुढं टीव्ही आला, तरुण पोरं पुण्याला नोकरीला गेली, नाटक बंद पडलं. वह्या माळ्यावर न ठेवता अण्णांनी खाटेखालच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. २००५ च्या महापुरात पाणी घरात शिरलं. हरिपूरच्या पेवांतही शिरलं, जमिनीखाली साठवलेली हळद गेली, अडतीवर सगळ्यांची तोंडं उतरलेली. पाणी ओसरल्यावर अण्णांनी आधी ट्रंक उघडली. निळी शाई सगळी पसरलेली, पानांचा लगदा. आईच्या चिमट्यांनी त्यांनी गच्चीतल्या दोरीवर पान न् पान अडकवलं. चार दिवस धुणं वाळत घालायला जागा नव्हती. वाचता येईल असं त्यातलं फारसं काही उरलं नाही.

मग ते शंभर पानी वह्या घेऊन बसले आणि आठवेल तसं लिहून काढायला लागले. कोण करणार होतं ते नाटक? कुणीच नाही. तरी सकाळी चहा झाला की लिहायला बसायचे. ती वही मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा लक्षात आलं, की अण्णांनी नाटककाराचं नाटक लिहिलेलंच नाही. आमच्या मांडवात जे झालं ते लिहिलंय. सुनेच्या प्रवेशात कंसात नोंद आहे, “गळ्यातली टेप काढणे.” इन्स्पेक्टरची एंट्री दोन पानं उशिरा आहे, कारण ते नेहमी उशिराच यायचे, आणि मधली दोन पानं सावकारानं जे काही वेळ मारून नेलं ते शब्दन् शब्द आहे.

तेव्हापासून मंडळात दरवर्षी गणपतीच्या चौथ्या दिवशी रात्री त्या वहीचं वाचन होतं. पाचव्या दिवशी संस्थानचा गणपती निघतो, सगळं गाव रस्त्यावर असतं, मग कोण येणार? म्हणून चौथा. एकेक जण कमी होत गेला तशी त्याची वाक्यं अण्णा वाचायला लागले. शिंपीमामा गेल्यावर सून अण्णांकडे आली. पदर सावरल्यासारखा डावा हात खांद्याकडे न्यायचे, मामांसारखाच. २०१९ ला पुन्हा महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. पण तोवर आम्ही विश्रामबागेत राहायला गेलो होतो आणि वह्या माळ्यावर होत्या. वाचन त्या वर्षीही झालं, चिखलाच्या वासात.

गेल्या वैशाखात अण्णा गेले, ८२ वर्षांचे होऊन. मंडळाच्या पोरांनी विचारलं, “ताई, यंदा वाचन ठेवायचं का?” मी म्हटलं, ठेवा. वही मीच घेऊन गेले. जुन्यांतले दोघंच उरलेत, किराणावाले काका आणि केशकर्तनालयवाले. सावकाराचा प्रवेश आला. मूळ वाक्य असणार, “व्याज थकलंय, जमीन माझी झाली.” अण्णांच्या वहीत आहे, “उधारी थकलीय, जमीन माझी झाली.” मी वाचलं आणि मांडव हसला.

काका ताडकन उठले. “मी असं कधी म्हणालोच नव्हतो. अण्णानं चेष्टा केलीय.”

“म्हणालास की! तीन वर्षं म्हणालास. शेजारी मीच उभा होतो बेड्या घेऊन.”

“तू वेळेवर कधी आला होतास रे, शेजारी उभा राहायला?”

अर्धा तास हेच चाललं. पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती, निकाल द्यायला कुणी नव्हतं. शेवटी काकांनी मला फर्मावलं, “पोरी, पेन आण. समासात लिही, सावकाराला हे मान्य नाही. आणि तारीख घाल.”

मी लिहिलं. खाली काकांची सही घेतली. केशकर्तनालयवाले म्हणाले, मग माझीही घे.